सहाव्या नळीची काजळी

सोनई,
१० मार्च २०२५

पॉल वस्ताद यांस गोरक्ष बेल्हेकरचा नमस्कार.

अकरा वर्षांनी पत्र येतंय म्हणजे काम निघालं असणार, हे तुम्ही पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असेल. फोन केला होता. तुमच्या सिल्व्हियाने सांगितलं की बाबांना फोनवर आता काहीच ऐकू येत नाही, आणि कानातलं मशीन पाच मिनिटांत काढून खिशात ठेवतात. तसं तर गॅरेजात होतो तेव्हाही तुम्ही कुणाचं ऐकत नव्हता. आता निदान डॉक्टरचा कागद आहे.

मुद्द्यावर येतो. मिलिटरीच्या लिलावातला सहा सिलेंडरचा डिझेल ट्रक घेतलाय. चालवणार माझी ज्ञानेश्वरी. हो, ट्रकच. तिच्याकडे जड वाहनाचं लायसन्स आहे. वांबोरीच्या डोंगराकडे आदिनाथरावांची दगडाची खाण आणि क्रशर आहे. खाणीतून वर यायचा रस्ता म्हणजे भिंत जराशी कलती करून ठेवलेली, त्यात मधोमध एक वळण. ज्ञानेश्वरीने वाहतुकीचं काम मागितलं तर आदिनाथराव चार माणसांत म्हणाले, "पोरीनं भरल्याली गाडी वर आनून दावावी, वर्सभराच्या खेपा तिला देतो." तारीख ठरली वीस एप्रिल, रविवार. त्या दिवशी खाण बंद असते, म्हणजे बघायला सगळे मोकळे.

काम मिळालं तर पोरगी इथे राहील. नाही मिळालं तर चाकणला कंपनीत जाईन म्हणते. चाकणला गेलेलं आमच्या गल्लीतलं अजून कुणी माघारी आलेलं नाही.

तर त्या इंजिनाला दम कमी पडतो. म्हणून मी त्याला सुपरचार्जर बसवलाय, आपण ज्याला ब्लोअर म्हणायचो तोच, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. आता धूर बाहेर काढायचा प्रश्न आहे. धूर गोळा करणारा जुना बिडाचा मॅनिफोल्ड तडकलाय. त्याच्या जागी हेडर लावायचा. मी मोबाईलवर पाहिलंय, सहा सिलेंडरच्या सहा लांब नळ्या, सगळ्या एका मापाच्या, पुढे जाऊन एकात मिळालेल्या, स्टेनलेसच्या, चकचकीत. पुण्याचा एक जण तयार देतो. पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. तुम्ही नको म्हणालात की घ्यायला हुरूप येईल.

आपला, नाइलाजाने,
गोरक्ष

---

नगर,
१५ मार्च २०२५

गोरक्षला पॉल भिंगारदिवेचा सलाम.

अकरा वर्षांत तुझं अक्षर सुधारलं नाही. अक्कल सुधारली असेल या आशेने पत्र शेवटपर्यंत वाचलं.

मोबाईलवर जो माणूस तू पाहिलास त्याच्या नखांत काळं होतं का? नसणार. ज्याच्या नखांत काळं नाही त्याने इंजिनाबद्दल बोलू नये आणि बोलला तर आपण ऐकू नये. ही सोय मला देवाने दिली आहे, तुला नाही.

आता नीट वाच. लांब, एका मापाच्या नळ्या कशासाठी असतात? जे इंजिन आपल्या जिवावर श्वास घेतं, त्याच्यासाठी. एका सिलेंडरचा धूर जोरात बाहेर पडताना मागच्या धुराला आपल्यामागे ओढून नेतो. तेवढ्यासाठी मापं जुळवायची असतात. तू ब्लोअर बसवलास. तो हवा आत कोंबतो. मागून ढकलणारा ठेवल्यावर पुढून ओढणारा कशाला हवा? तुझ्या इंजिनाला फक्त दार रुंद पाहिजे. नळ्या आखूड, तोंडाला मोठ्या आणि अंगाने जाड. पातळ स्टेनलेस तुझ्या खाणीच्या रस्त्यावर महिन्यात तडकेल. शिवाय लांब नळ्या चेसिसला आणि स्टिअरिंगच्या पेटीला घासतील, कारण त्या ट्रकच्या इंजिनाशेजारी माणसाचा हातसुद्धा धड जात नाही. मी ते इंजिन उघडलं आहे. तू तेव्हा पाने पुसत होतास.

ब्लोअर बसवायची गरज होती का, हे मी विचारत नाही. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला, तेव्हा तू पाना आपटून निघून गेलास. पाना अजून माझ्याकडे आहे.

मला एवढी मापं पाठव: सहा तोंडांची रुंदी, दोन तोंडांमधलं अंतर, बोल्टची जागा, आणि शेवटच्या म्हणजे सहाव्या तोंडापासून केबिनच्या पत्र्यापर्यंत किती जागा आहे ते. सिल्व्हियाच्या मोबाईलवर फोटो पाठवू नकोस. त्यात तुझा ट्रक लग्नातल्या नवरदेवासारखा दिसेल आणि कळणार काहीच नाही.

पॉल

---

सोनई,
२१ मार्च २०२५

वस्ताद,

मापं मागच्या कागदावर आहेत. सहाव्या तोंडापासून केबिनचा पत्रा चार बोटांवर आहे.

तुम्ही म्हणता तसल्या आखूड जाड नळ्या मी चितारून पाहिल्या. बैलाला मुसकं घातल्यासारखं दिसतंय. पुण्याच्या माणसाला फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, असे हेडर आता फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात असतात. मी त्याला म्हटलं, म्हातारा हुशार आहे. हे मी त्याला चिडवायला म्हटलं, तुम्ही मनावर घेऊ नका.

आदिनाथरावांची माणसं रोज येऊन ट्रकभोवती फिरतात. एकाने बॉनेट उघडून ब्लोअर पाहिला आणि म्हणाला, "आरं हे तर पिठाच्या गिरनीचं धूड हाय." मी बॉनेट आपटून लावलं. वीस तारखेला त्याला पीठ दाखवीन.

तरी करा तुम्ही तुमचं मुसकं. कारण एकच, पुण्याचा माणूस म्हणतो मे महिन्याच्या आत देता येणार नाही.

ज्ञानेश्वरीची घाई चालू आहे. म्हणते, "आप्पा, नळी कसली बी लावा, पन बिगी लावा. मला गाडी हाताला बसाय पायजे." तिला वाटतं ट्रक म्हणजे स्कूटी, बसलं आणि निघालं. इंजिनाचं तिला काय कळणार, तिला फक्त चालवायचंय.

गोरक्ष

---

नगर,
२७ मार्च २०२५

गोरक्ष,

हेडर तयार आहे. उद्याच्या एसटीच्या पार्सलने सोनईला पोचेल. सिल्व्हिया शाळेत शिकवायला गेली की मी शटर अर्धं उघडायचो आणि ती यायच्या आत बंद करायचो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वेल्डिंग बंद, असं मी तिला वचन दिलं आहे. तुझ्यापायी सत्तराव्या वर्षी मुलीशी खोटं बोललो. तुझी लायकी एवढी नाही, ट्रक चालवणाऱ्या पोरीची असेल.

फ्लँज, म्हणजे इंजिनाला चिकटणारी पट्टी, चार सुताच्या, म्हणजे अर्ध्या इंची, पत्र्याची केली आहे. पातळ पट्टी तापून वाकते आणि मग मधलं गॅस्केट, गळती अडवणारा पातळ पत्रा, फुंकून टाकते. पुण्याचा माणूस दोन सुताची देतो, कारण ती कापायला सोपी जाते.

आता महत्त्वाचं. हेडर एकसंध नाही. तीन सिलेंडरचा एक तुकडा, तीनचा दुसरा. दोन्हींच्या मध्ये एक नळी दुसरीच्या पोटात सरकते. तो जोड सैल दिसेल. तो सैलच ठेवायचा आहे. लोखंड तापलं की लांबतं, आणि सहा सिलेंडरची लांबी थोडी नसते. वाढायला जागा मिळाली नाही तर ते कुठेतरी वाकणारच. त्या जोडाला हात लावू नकोस, बोटसुद्धा नाही.

बसवल्यावर अर्धा तास चढावर चालव. गार झालं की प्रत्येक नळीचा मुळाशी रंग काय झाला ते लिहून पाठव. मला आवाजावरून इंजिन कळायचं ते दिवस गेले. आता मी रंगावरून ओळखतो. सहाही नळ्यांवर एकसारखा निळसर राखाडी रंग चढला पाहिजे. एखादी वेगळी दिसली तर तिथे काहीतरी बिघडलं आहे.

पॉल

---

सोनई,
५ एप्रिल २०२५

वस्ताद,

हेडर बसला. एक भोकसुद्धा कातरावं लागलं नाही, याचं मला वाईट वाटलं. दोन शिव्या तयार ठेवल्या होत्या, त्या वाया गेल्या.

रंग सहाही नळ्यांवर सारखा आहे, तुम्ही लिहिलाय तसाच. गाडी ओढते चांगली. आदिनाथरावांनी सरावाला खाणीचा रस्ता दिलाय, रिकामी असताना वळणावर दुसऱ्या गिअरला उचलते.

पण एक शिवी वापरायला मिळाली. तुमचा सैल जोड सकाळी टकटक वाजतो. कोंबडी पत्र्यावरचे दाणे टिपते ना, तसा. आदिनाथरावांची माणसं ऐकून हसली. "नगरच्या लव्हारानं केलं जनू," म्हणाली. चारचौघांत मान खाली गेली. जोड वाजतो म्हणजे गळतो, हे मी तुमच्याच हाताखाली शिकलो. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून गिऱ्हाइकालाही ऐकू येत नाही असं धरून चालू नका.

गोरक्ष

---

नगर,
९ एप्रिल २०२५

गोरक्ष,

चाळीस वर्षांत माझा जोड गळाला नाही. तुझ्या दारात येऊन तो कशाला गळेल?

आवाज तुझ्या ब्लोअरच्या पट्ट्याचा आहे. भंगारातून आणलेल्या ब्लोअरची पुली वाकडी असणार. पट्टा तिच्यावर चढतो उतरतो आणि टकटक करतो. हे समजायला कान लागत नाहीत, डोकं लागतं. पट्टा बदल, पुली तपास, आणि आदिनाथरावांच्या माणसांना सांग, लोहाराने केलेलं असतं तर त्यांच्या घरच्या विळ्यांसारखं वर्षानुवर्षं चाललं असतं.

भरलेली गाडी चालवून झाली की नळ्यांचे रंग पुन्हा पाठव. रिकाम्या गाडीचा रंग म्हणजे लग्नाआधीचा स्वभाव.

अठरा तारखेला उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आहे. आमच्या चर्चमध्ये तीन तासांची भक्ती असते. येशू क्रुसावरून जे सात शब्द बोलला त्यांपैकी पाचव्या शब्दावर बोलायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. ऐकू येत नसलं तरी बोलता येतं. त्या तयारीत आहे, त्यामुळे फालतू कारणासाठी लिहू नकोस.

पॉल

---

सोनई,
१४ एप्रिल २०२५

वस्ताद,

पट्टा बदलला, पुली तपासली. आवाज पट्ट्याचा नव्हता. मग मी माझ्या पद्धतीने बंदोबस्त केला. आता सकाळीसुद्धा टकटक नाही, गाडी एकदम गप्प. आदिनाथरावांची माणसंही गप्प. म्हणजे खरं कोण, ते तुम्ही समजा.

भरून तीन दिवस खाणीच्या तळाशीच चालवली, भरलेली वर आणायची ती रविवारीच. रंग विचारलेत म्हणून कळवतो. पाच नळ्या निळसर राखाडी. सहावी, केबिनच्या बाजूची, मुळाशी काळी पडलीय. काजळी धरते, पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या सिलेंडरला डिझेल जास्त जात असेल. रविवारनंतर बघू.

बाकी ठीक. ज्ञानेश्वरीला जरा पित्त झालंय. दुपार झाली की डोकं धरते, काल खाणीत उतरून उलटी केली. खाली धूळ फार म्हणून काचा लावून चालवावं लागतं, त्यात हे ऊन. आईचं म्हणणं वेगळं आहे. आमच्या आईला, छबूबाईला, तुम्ही ओळखता. तिने काल मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि म्हणाली, "मिरच्या जळल्या पन ठसका न्हाई आला. लई कडक नजर हाय." बाई ट्रक चालवते म्हटल्यावर अख्खा गाव बघतो, नजर लागणारच. मला विचाराल तर पोरगी आतून घाबरलीय. रविवार झाला की डोकं आपोआप थांबेल.

उत्तर पाठवू नका. तुमची भक्ती करा. रविवारी गाडी वर आली की मीच कळवीन.

गोरक्ष

---

नगर,
१९ एप्रिल २०२५

गोरक्ष,

काल तुझ्या दारात मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर तुझ्या आईसमोर तोंडातून काय निघालं असतं ते मला माहीत आहे. म्हणून कागदावर लिहितो. कागद तुला दोनदा वाचता येईल.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी आलं. काजळीची ओळ वाचली आणि हातातला चहा ठेवला. पुढची डोकेदुखीची ओळ वाचली आणि सिल्व्हियाला हाक मारली. तिने तुला दोनदा फोन केला. तू म्हणालास, "वस्तादला सांगा, आता सल्ला नको." मग शुक्रवारी सकाळी मी एसटीत बसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा पाचवा शब्द दुसऱ्या कुणी घेतला.

पोरगी ट्रकच्या पायरीवर बसली होती, डोक्याला ओला पंचा बांधून. मी तिच्याच डॅशबोर्डवरची उदबत्ती पेटवली, काचा लावल्या, तुला खुणेने इंजिन चालू करायला सांगितलं आणि गिअरच्या दांड्याभोवतीच्या रबराजवळ उदबत्ती धरली. धूर सरळ वर जायला हवा होता. तो खालून फुंकल्यासारखा पोरीच्या सीटकडे पळाला. तू पाहिलंस. तुझ्या आईनेही पाहिलं. ती नजर नव्हती. तो तुझ्या इंजिनाचा जळका वायू होता, आणि तुझी मुलगी काचा लावून रोज आठ तास तो छातीत घेत होती.

बॉनेट उघडलं तर माझ्या सरकत्या जोडावर तुझं वेल्डिंग. चांगलं होतं, हे लिहायला हात जड जातो. जोड बंद झाल्यावर हेडर तापला, त्याला वाढायला जागा उरली नाही, तो धनुष्यासारखा वाकला आणि सहाव्या तोंडाची पट्टी गॅस्केटवरून उचलली गेली. तिथून केबिनचा पत्रा चार बोटांवर. तुझंच माप.

रविवारी पूर्ण ओझ्याने, पूर्ण ताकदीने, काचा लावून ती त्या चढावर गेली असती. वळणावर तिचा डोळा लागला असता. दहा टन खडी मागे घेऊन ट्रक खाली आला असता. बघायला आलेले लोक खालीच उभे असणार होते.

मी वेल्डिंग कापलं, पट्टी सरळ केली, नवं गॅस्केट बसवलं. तू शेजारी उभा राहून दिवा धरलास. सोळा वर्षांचा असताना धरायचास तसाच, म्हणजे वाकडा.

आता माझं. ग्राइंडर थांबल्यावर तू पाटीवर खडूने लिहून दाखवलंस, "सकाळी टकटक करायचं, तापल्यावर बंद व्हायचं." येताना एसटीत मला ते आठवलं. सरकता जोड गार असताना वाजतोच. लोखंड तापून फुगलं की आपोआप गप्प होतो. मी तो आवाज तीस वर्षं रोज सकाळी ऐकला. गेली दहा वर्षं ऐकला नाही, म्हणून तो असतो हेच विसरलो. हेडर पाठवताना लिहायचं राहिलं. तू विचारलंस तेव्हा तुझ्या पट्ट्यावर ढकललं. तो दोष माझा, आणि मी तो दुसऱ्याच्या माथी मारणार नाही.

तुझा दोष वेगळा आहे. पोरीने डोकं धरलं आणि तू ते पित्ताच्या नावावर टाकलंस. त्याला माझ्याकडे गॅस्केट नाही.

हे पत्र दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो, म्हणजे आजच पोचेल; उद्या गाडी न्यायची की नाही हे तिला विचार. नेली तर काचा खाली. धूळ खाल्लेली बरी.

पॉल

---

सोनई,
२३ एप्रिल २०२५

पॉलकाकांना ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

हे पत्र मी लिहितेय, कारण आप्पांना विचारलं, पॉलकाकांना कळवलं का, तर म्हणाले, काय कळवायचं ते सुचत नाही. आप्पांना सुचत नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी मी गाडी वर आणली. काचा खाली होत्या. वर आले तेव्हा मी पिठाच्या गिरणीतून बाहेर पडल्यासारखी दिसत होते, पण डोकं शुद्धीवर होतं. तुम्ही शुक्रवारी काम केल्यापासून एकदाही दुखलं नाही.

बघणाऱ्यांना घेऊन आदिनाथराव खालून चढून आले. ब्लोअरवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिला पंप लावलाय. गाडी चढली, पोरीचं काय त्यात?" लोक हसले. आप्पा भांडायला पुढे झाले. मी त्यांना मागे केलं आणि आदिनाथरावांकडे त्यांच्या गाडीची किल्ली मागितली. त्यांची साधी गाडी खाली भरून उभी होती, ब्लोअर नाही, हेडर नाही, कंपनीतून आली तशी. त्यांना नाही म्हणता येईना, एवढी माणसं बघत होती. ती गाडी मी खालपासून पहिल्या गिअरला लावली आणि वरपर्यंत गिअरला हात लावला नाही. वळणावर त्यांचे ड्रायव्हर दुसरा टाकायला जातात आणि तिथेच गाडी मरते, हे मी महिनाभर कुंपणाशी उभी राहून पाहिलं होतं. वेळ लागला. बैलगाडीने गाठलं असतं मला. पण वर आले.

आदिनाथराव म्हणाले, "एक मेपास्नं ये." त्याच्या पुढे काहीतरी पुटपुटले, ते मी तुमच्यासारखं ऐकलं नाही.

काका, तुम्ही शुक्रवारी आला नसता तर हे पत्र लिहायला मी नसते. ते मला कळतं. पण आणखी एक लिहायचं आहे. सोमवारी मी तुम्हा दोघांची सगळी पत्रं वाचली. आप्पा कागदावर जागा पुरेल की नाही ते बघायला आधी वहीत लिहितात, त्यामुळे त्यांचीही सापडली. दीड महिना तुम्ही दोघं नळीची लांबी, नळीची जाडी आणि नळीचा रंग यावर भांडत होता. गाडी कोण चालवतंय हे तुम्हाला माहीत होतं. तिला काही विचारावं असं कुणाला वाटलं नाही. जोड बंद केल्यावर पहिल्या दिवशीच मी आप्पांना म्हणाले होते, गाडीत जळका वास येतो. ते म्हणाले, नवीन लोखंड आहे, येणारच. मग मला उलटी झाली, तीसुद्धा त्यांनी तुम्हाला काजळीच्या खाली लिहून कळवली. आधी नळी, मग मी.

आणि ब्लोअरबद्दल. त्याची गरज नाही. रविवारी ते सगळ्या गावाने पाहिलं. उलट वळणावर पाय जरा जास्त पडला की तो लगेच ढकलतो आणि मागची चाकं खडीवर घसरतात. मी हे रिकामी गाडी चालवतानाच सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, तुला इंजिनातलं काय कळतंय. आता ते म्हणतात, वस्तादला विचारू. म्हणून विचारते. तुम्ही काहीही सांगितलंत तरी मी तो काढणार आहे. कसा काढायचा एवढंच कळवा.

आजीने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. मिरच्यांचा विषय घरात निघत नाही.

ज्ञानेश्वरी

---

नगर,
२८ एप्रिल २०२५

ज्ञानेश्वरीला पॉलकाकांचा सलाम.

ब्लोअर काढ. कोणता बोल्ट आधी, कोणता नंतर आणि हवेची जुनी नळी परत कशी जोडायची, ते मागच्या बाजूला काढून दिलं आहे. ब्लोअर बसवताना तुझ्या बापाने पंपाचं डिझेल वाढवलं असेल. ते आधी होतं तेवढ्यावर आण, नाहीतर नुसता काळा धूर होईल. हेडर तसाच राहू दे, साध्या इंजिनालाही चालतो. गोरक्षला हात लावू देऊ नकोस, दिवा धरू दे.

तुझं पत्र पुढ्यात ठेवून उत्तर लिहायला घेतलं. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा ते नळ्यांबद्दलच होत गेलं. मी जन्मभर इंजिनं पाहिली. त्यांत बसलेलं माणूस पाहायची सवय लागली नाही, आणि कान गेल्यावर तर ते दिसेनासंच झालं.

सिल्व्हियाला वेल्डिंगचं कळलं. ती दोन दिवस बोलली नाही. मला ऐकू येत नसलं तरी ते कळतं.

एक तारखेपासून तू रोज त्या चढावर असशील. दर शनिवारी मला पत्र टाक. गाडी वळणावर कुठे दमते, क्लच कुठे धरतो, ब्रेक किती तापतो, सगळं लिही. तुझ्या बापाने लिहिलेलं मी वाचणार नाही. पण पहिल्या ओळीत डोकं दुखतं का ते लिही. गाडीचं त्याच्या खाली.

पॉलकाका